आईच्या खोलीत उणे ८१, चहाच्या टपरीवर उणे ६८

(हा ताज्या भागाचा लेखी मजकूर. ऐकताना आकडे निसटतात अशी तुमच्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार होती, म्हणून आकड्यांच्या जागा जरा नीट करून घेतल्यात. बाकी बोलले तसंच ठेवलंय, कुकरच्या शिट्टीसकट.)

आजचा भाग नेहमीप्रमाणे खारघरहून, माझ्याच खोलीतून, पंखा बंद करून. त्यामुळे मध्येच घाम पुसल्याचा आवाज आला तर समजून घ्या.

विषय आहे वाय-फाय. नाही, "वाय-फाय फास्ट करायच्या दहा युक्त्या" नाही, त्याचे व्हिडिओ तुमच्या फोनवर ढीगभर येतात. मला आज एवढंच सांगायचंय की आपल्या घरचा सिग्नल नक्की कुठपर्यंत जातो हे मोजायचं कसं, आणि मोजल्यावर माझ्या घरी काय निघालं. कारण जे निघालं त्याने माझी एक रात्र झोप गेली, आणि मी बी.टेक. झालेली, सात वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी मुलगी आहे. मला आधीच कळायला हवं होतं.

सुरुवात आईपासून. आई शाळेतून रिटायर झाली आणि आठवी ते दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवायला लागली. तिची खोली घराच्या पार मागच्या टोकाला. रोज संध्याकाळी सहा वाजता तिथून एकच वाक्य ऐकू यायचं, "ऐकू येतंय का रे सगळ्यांना?" आणि पलीकडून तुटक तुटक "मॅडम... आवाज... कट..." मार्चपर्यंत दोन मुलं सोडून गेली. आईने मला काही म्हटलं नाही, फक्त एकदा म्हणाली, "तुम्ही लोक एवढं कॉम्प्युटरचं शिकलात ना?" झालं. हे पुरेसं होतं.

इंटरनेट कंपनीचा माणूस येऊन स्पीड टेस्ट करून गेला. हॉलमध्ये उभं राहून! "मॅडम, शंभर पूर्ण येतंय." बरोबर आहे, येणारच. नळ चालू आहे का हे टाकीपाशी बघून गेल्यासारखं झालं हे. वेग आणि सिग्नल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पीड टेस्ट तुमच्या फोनपासून राउटर, राउटरपासून कंपनी, कंपनीपासून कुठला तरी सर्व्हर, असा अख्खा प्रवास एका आकड्यात सांगते. त्यात गडबड कुठल्या टप्प्यावर आहे ते कळत नाही. आपल्याला फक्त पहिला टप्पा हवाय, राउटर ते फोन.

बरं, मग फोनवरच्या त्या पंख्यासारख्या रेघा? त्यांच्यावर जाऊ नका. किती सिग्नलला किती रेघा दाखवायच्या हे प्रत्येक फोनवाला आपापलं ठरवतो. माझ्या फोनवर तीन रेघा होत्या तिथे बाबांच्या फोनवर दोन. खरं मोजमाप असतं डीबीएममध्ये. नाव अवघड, गोष्ट सोपी. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. फोनपर्यंत पोचणारी शक्ती त्याहून कितीतरी कमी असते, म्हणून आकडा नेहमी उणे येतो. आणि ही मोजपट्टी साधी नाही, दर दहाला शक्ती दहापट बदलते. उणे ७० म्हणजे एका मिलिवॅटचा एक कोटीवा भाग. ऐकायला भयानक वाटतं, पण फोनला तेवढं चालतं.

व्यवहारात मी असं धरते. राउटरच्या शेजारी उणे ३० ते ४०. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निवांत. उणे ७० च्या खाली गेलं की वेबसाइट उघडेल, पण कॉलचा भरवसा नाही. उणे ८० म्हणजे आईचा क्लास. उणे ९० म्हणजे राम म्हणा.

अँड्रॉइडवर हे बघायला वाय-फाय अॅनालायझर नावाची बरीच अॅप आहेत, फुकट मिळतात. ती लोकेशनची परवानगी मागतात, तेव्हा दचकू नका. आजूबाजूला कुठली वाय-फाय आहेत यावरून तुम्ही कुठे आहात हे जवळजवळ नेमकं काढता येतं, म्हणून अँड्रॉइडनेच ती अट घातली आहे. अॅप मात्र निवडून घ्या. टॉर्चपासून राशिभविष्यापर्यंत सगळं देणारं अॅप नको. आणखी एक भानगड. अँड्रॉइड ९ पासून कुठल्याही अॅपला दोन मिनिटांत चारदाच आसपासचा शोध घेता येतो. त्यामुळे तुम्ही चालत पुढे गेलात तरी आकडा जुनाच दिसत राहतो. म्हणून एका जागी अर्धा मिनिट थांबा, आकडा बदलू द्या, मग लिहा. आयफोनवाल्यांनी अॅपलचंच एअरपोर्ट युटिलिटी अॅप घ्यायचं आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या अॅपच्या नावाखाली वाय-फाय स्कॅनर चालू करायचा. लपवून ठेवलंय, पण आहे.

मग मी मोजायला बसले. म्हणजे उठले. सोसायटीच्या मेंटेनन्स बिलाच्या कोऱ्या बाजूवर घराचा कच्चा नकाशा काढला, त्यावर बारा ठिपके. प्रत्येक ठिपक्यावर फोन छातीच्या उंचीला धरून चारी दिशांना तोंड करून उभं राहायचं, चार आकडे लिहायचे. बाबा सोफ्यावरून बघत होते. "प्रदक्षिणा घालतेस का गं?" म्हणाले.

चारी दिशा का? कारण आपण स्वतः एक पाण्याची टाकी आहोत. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात चांगलीच शोषली जाते. राउटर आणि फोनच्या मध्ये तुमचं पोट आलं की आकडा सहज पाच-सहाने पडतो. आणि दुसरं असं, की ही लहर साडेबारा सेंटिमीटर लांबीची आहे, अर्ध्या विती एवढी. ती भिंतींवरून, फ्रिजवरून, आरशावरून आपटून वेगवेगळ्या वाटांनी फोनपाशी येते. कुठे दोन लाटा एकमेकींना जोर देतात, कुठे मारतात. चार बोटं फोन सरकवला तरी आकडा बदलतो. एकाच ठिकाणचा एकच आकडा घेऊन भांडू नका. तीन-चार घ्या, मधला धरा.

(कुकरची शिट्टी. माफ करा. वरणभात.)

आता निकाल. हॉलमध्ये उणे ३८. स्वयंपाकघरात उणे ५५. आईच्या टेबलावर उणे ८१. राउटरपासून अंतर किती? टेपने मोजलं, नऊ मीटर. नऊच!

मोकळ्या हवेत नऊ मीटरवर उणे चाळीसच्या आसपास यायला हवं. मी हिशोब करून पाहिला. साधारण घरगुती राउटर १०० मिलिवॅटने बोलतो, म्हणजे वीस डीबीएम. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डीबी जातात. या नियमाने नऊ मीटरवर उणे ३९. मग उरलेले चाळीस डीबी, म्हणजे दहा हजारपट शक्ती, गेली कुठे?

भिंतींत. खारघर-तळोज्याकडच्या नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी इथे कान टवकारा. जुन्या इमारतीत खांब-तुळया काँक्रीटच्या आणि मधल्या भिंती विटांच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या असतात. आता बऱ्याच ठिकाणी अॅल्युमिनियमचे साचे लावून अख्ख्या भिंतीच काँक्रीटच्या ओततात, आत लोखंडी जाळीसकट. काम भराभर होतं, घर भक्कम होतं, पण वाय-फायच्या दृष्टीने तुम्ही किल्ल्यात राहता. विटेच्या भिंतीत चार-पाच डीबी जात असतील तर काँक्रीटच्या भिंतीत दहा-पंधरा सहज जातात. आमच्याकडे वाटेत अशा दोन भिंती, मध्ये बाथरूम, त्यात पाइप आणि गीझर, आणि शेवटी आईच्या खोलीच्या भिंतीला टेकून उभं असलेलं आजीचं लोखंडी कपाट. त्यावर पूर्ण उंचीचा आरसा. आरसा म्हणजे काचेमागे धातूचा थर. सिग्नल आईपर्यंत पोचायच्या आधी स्वतःचं तोंड बघून परत जात होता म्हणा ना.

आणि ही २.४ ची गोष्ट. ५ गिगाहर्ट्झचं नाव तर आईच्या खोलीत दिसतच नव्हतं. ५ ची लहर लांबीला निम्म्याहून कमी, वेग जास्त देते, पण भिंतीपुढे लवकर दमते. तुमचा राउटर दोन्ही बँडना एकच नाव देत असेल तर मोजताना अॅपमध्ये बँड बघत चला, नाहीतर एका खोलीत ५ चा आणि दुसऱ्या खोलीत २.४ चा आकडा घ्याल आणि डोकं खाजवत बसाल. मी बसले होते, सांगते.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. खरं तर इथे थांबले असते तर राउटर हलवून विषय संपला असता. पण माझ्या हातात फोन होता, अॅप चालू होतं, आणि दूध संपलं होतं.

मी खाली उतरले. जिन्यात सिग्नल गेला. गेटपाशी आले आणि परत आला, उणे ६४. रस्ता ओलांडून चहाच्या टपरीपाशी गेले, तिथे एक सिमेंटचं बाकडं आहे. उणे ६८. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, बाकडं घरापासून पंचेचाळीस-पन्नास मीटर. म्हणजे आईला नऊ मीटरवर जे मिळत नव्हतं ते टपरीवर कटिंग पिणाऱ्या कुणालाही रस्त्यापलीकडे मिळत होतं, आणि वीसपट जास्त मिळत होतं.

कारण साधं आहे. आपल्याकडे बहुतेक इमारतींत इंटरनेटची वायर गच्चीवरून बाहेरच्या भिंतीने खाली येते आणि गॅलरीच्या ग्रीलमधून घरात शिरते. माणूस येतो, जिथे वायर शिरली तिथेच वर खिळा ठोकून राउटर टांगतो, सही घेतो, जातो. आमचा राउटर गॅलरीच्या सरकत्या काचेच्या दारावर टांगलेला. साध्या काचेत दोन-तीन डीबी जातात. घराकडे काँक्रीट, रस्त्याकडे काच. त्याने बिचाऱ्याने करायचं काय?

बाकड्यावर बसून मी यादी बघितली. सव्वीस नावं दिसत होती. आडनावं, फ्लॅट नंबर, एक "पासवर्ड मागू नका", एक गणपती बाप्पा. आणि आमचं, आडनाव आणि फ्लॅट नंबर. दोन नावांपुढे कुलूप नव्हतं, म्हणजे उघडी. त्यांना मी जोडून पाहिलं नाही. यादी बघणं वेगळं आणि परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कात शिरणं वेगळं. दुसऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ची ४३ आणि ६६ ही कलमं लागू शकतात. "सर, मी तर फक्त चेक करत होतो" हे तिथे चालत नाही.

मग गेटमधून आत येताना मला बाबांची गाडी दिसली. पार्किंगमध्ये, नेहमीच्या जागेवर. काचेच्या आत छान छापलेलं कार्ड: गाडी अडचणीची वाटल्यास या नंबरवर फोन करा. खाली फ्लॅट नंबर. खाली दहा आकडी मोबाइल नंबर.

आमच्या वाय-फायचा पासवर्ड बाबांचा मोबाइल नंबर होता.

हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांचा तोच असणार. जोडणी देणारा माणूस विचारतो, "पासवर्ड काय ठेवू? मोबाइल नंबर ठेवतो, लक्षात राहील." आणि राहतोच लक्षात, सगळ्यांच्या. आमच्या बाबतीत तर हवेत आडनाव आणि फ्लॅट नंबर फिरत होता, आणि त्याच फ्लॅट नंबरखाली पासवर्ड पार्किंगमध्ये लावलेला होता. हॅकर वगैरे कुणी लागतच नव्हता. चष्मा लागला असता फार तर.

गाडीवर कार्ड नसतं तरी फार फरक पडला नसता. फोन राउटरला जोडला जाताना दोघांत जी ओळखपरेड होते ती हवेतूनच होते, आणि रेंजमध्ये बसलेल्याला ती टिपता येते. मग ती घरी नेऊन कॉम्प्युटरवर निवांत एकेक पासवर्ड लावून बघायचा. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. मोठा आकडा वाटतो. गेमिंगचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या घरात पासवर्ड तपासतं. भागाकार करा. तासभर.

आता कुणी म्हणेल, कुणी वापरलं वाय-फाय तर वापरलं, काय बिघडलं, अनलिमिटेड आहे. मीही कधीतरी असंच म्हटलं असतं. पण इथे मला एक जुनी गोष्ट सांगायचीय, आणि ती आपल्याच लाइनवरची आहे. खारघरहून हार्बरने सीएसएमटीकडे निघालात की बेलापूर, सीवूड्स, नेरूळ, जुईनगर आणि पाचवं सानपाडा.

२६ जुलै २००८. अहमदाबादमध्ये संध्याकाळी एकामागून एक स्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल आला होता, इंडियन मुजाहिदीनच्या नावाने. महाराष्ट्र एटीएसने त्या ईमेलचा आयपी पत्ता शोधला तो सानपाड्यातल्या एका फ्लॅटचा निघाला. तिथे एक अमेरिकन नोकरदार कुटुंबासह राहत होता. त्याची चौकशी झाली, घरातले कॉम्प्युटर तपासाला गेले, त्याचं नाव देशभर टीव्हीवर फिरलं. त्याचा संबंध नव्हता. त्याचं वाय-फाय असुरक्षित होतं आणि कुणीतरी इमारतीच्या आसपास येऊन ते वापरून गेलं होतं. बस.

आणि हे एकदाच झालं नाही. २३ ऑगस्टला आणखी एक ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले त्या वेळचा ईमेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वाय-फायवरून. पुढे पोलिसांनी पकडलेल्यांत पुण्याचा एक सॉफ्टवेअर इंजिनिअरही होता. हे वाचलं तेव्हा मला कसंसंच झालं, कारण रस्त्यावरून फोन घेऊन सिग्नल बघत फिरणं हे काम त्यांनीही केलं असणार, मी जे करत होते तेच. या फिरण्याला वॉरड्रायव्हिंग म्हणतात. २००९ च्या जानेवारीत तर मुंबई पोलिसांनीच जाहीर केलं की पोलिस लॅपटॉप घेऊन रस्त्यांवर फिरतील आणि उघडी वाय-फाय शोधून मालकांना कुलूप लावायला सांगतील.

त्या वर्षी मी पाचवी-सहावीत होते. माझ्या पिढीला हे माहीतच नाही. आयपी पत्ता घरापर्यंत आणतो, घरातल्या नेमक्या माणसापर्यंत नाही. आणि दार ठोठावलं जातं ते बिल ज्याच्या नावावर त्याचं. आमच्याकडे बिल बाबांच्या नावावर आहे.

म्हणून त्या रात्री मी राउटरच्या पानावर जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी काढली. घरात आम्ही तिघं. माझा फोन, लॅपटॉप, आईचा फोन, टॅब, बाबांचा फोन, टीव्ही, एक स्मार्ट प्लग. सात. यादीत आठ.

आठव्याला नाव नव्हतं. नुसता पत्ता, आणि पत्त्यातलं दुसरं अक्षर ई. इथे एक कामाची खूण सांगते. हल्लीचे फोन प्रत्येक वाय-फायसाठी स्वतःचा खोटा पत्ता बनवतात, खासगीपणासाठी. पत्त्यातलं दुसरं स्थान २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला पत्ता. म्हणजे हा कुणाचा तरी बऱ्यापैकी नवा फोन होता. राउटर त्याच्याकडून येणारा सिग्नलही दाखवत होता, उणे ७९. घरातला फोन असता तर इतका कमी नसता, आईच्या खोलीतला सोडून, आणि आईचा फोन माझ्या हातात होता. फोन राउटरपेक्षा हळू आवाजात बोलतो, त्यामुळे राउटरला तो नेहमी कमी ऐकू येतो. (फुल सिग्नल दिसतो पण काही उघडत नाही, असं होतं ना? राउटर तुम्हाला ऐकू येतो, तुम्ही त्याला येत नाही.) टपरीवर मला उणे ६८ मिळत होतं, तिथून उलट दिशेला सत्तरीच्या शेवटाला यायला हवं. रात्रीचे साडेदहा. मी गॅलरीत गेले. बाकड्यावर कुणीतरी बसलं होतं, तोंडावर स्क्रीनचा उजेड.

मी झोपले नाही फारशी. डोक्यात सानपाडा.

सकाळी बाबांना दाखवलं. ते चहा पीत होते. म्हणाले, "अगं तो आपल्या वॉचमन काकांचा मुलगा. पोलिस भरतीची तयारी करतोय. लेक्चर बघायला डेटा पुरत नाही म्हणाला, मग दिला मी नंबर. म्हणजे पासवर्ड. तसा नंबर त्याच्याकडे होताच."

पोलिस भरती! मी काय बोलणार?

मी बाबांवर चिडले नाही असं नाही. पण चिडून सांगायचं काय, की गरजू मुलाला मदत करू नका? ते मला पटत नाही. तो मुलगा तीन महिने बाकड्यावर डासांत बसून अंकगणित करत होता आणि माझ्या डोक्यात रात्रभर तो अतिरेकी होता. चूक पासवर्ड देण्यात नव्हती. एकच किल्ली घरालाही आणि पाहुण्यालाही असण्यात होती. त्याच नेटवर्कवर माझा ऑफिसचा लॅपटॉप होता, आईच्या विद्यार्थ्यांचे फोन नंबर आणि फीचे हिशोब असलेला टॅब होता.

मग रविवारी सकाळी बसून केलं ते पटकन सांगते. पासवर्ड बदलला, चार असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये आकडा. लांबी महत्त्वाची, विचित्र चिन्हं नाहीत. राउटरचं स्वतःच्या पानाचं लॉगिन अजून अॅडमिन-अॅडमिनच होतं, तेही बदललं. डब्ल्यूपीएस नावाचं बटण दाबून जोडायची सोय बंद केली, तिचा आठ आकडी पिन कमकुवत आहे हे २०११ पासून जगजाहीर आहे. सुरक्षेत डब्ल्यूपीए-३ होतं पण जुना टीव्ही रुसला, म्हणून दोन आणि तीन मिळून ठेवलं. नावातून आडनाव आणि फ्लॅट नंबर काढला. आणि पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क, त्याचा वेगळा पासवर्ड, तिथून घरातल्या उपकरणांकडे वाट नाही. खरं सांगायचं तर आयपी पत्ता त्याचाही आमचाच, तेवढं ओझं राहतंच. पण आता कुणाकडे किल्ली आहे हे आम्हाला माहीत आहे.

राउटर हलवणं हे खरं काम. पंधरा मीटरची लॅन केबल आणली, कंपनीचा डबा गॅलरीपाशीच ठेवून त्याचं वाय-फाय बंद केलं, आणि आपला राउटर पॅसेजमध्ये, आईच्या दाराच्या अलीकडे, कपाटाच्या उंचीवर लावला. कपाटाची जागाही बदलली. आजीचं कपाट हलवायला तीन माणसं आणि एक भांडण लागलं, त्याचा तपशील नको.

"बूस्टर का नाही घेतला?" असं विचारणारे मेसेज येणारच, म्हणून आत्ताच सांगते. नुसता सिग्नल ऐकून पुढे ओरडणारा बूस्टर त्याला जे ऐकू येतं तेच पुढे देतो. आईच्या टेबलावर लावला असता तर उणे ८१ चा तुटका आवाज जोरात ऐकू आला असता. आणि जास्त ताकदीचा राउटर घेणं हे तर टपरीवाल्याचं भलं. तसंही भारतात २.४ गिगाहर्ट्झ बँड २००५ पासून विनापरवाना वापरता येतो तो ४ वॅटच्या मर्यादेत, मनात येईल तेवढा जोर लावता येत नाही. उलट माझ्या राउटरमध्ये ताकद कमी करायची सोय आहे, मी ती मधल्या पायरीवर आणली.

नवे आकडे. आईचं टेबल: उणे ५९. पहिल्या दिवशी तिने क्लास संपल्यावर दार उघडून फक्त "चालतंय" म्हटलं. माझ्यासाठी तो प्रमोशन लेटर होता. टपरीचं बाकडं: उणे ८४.

तरी उणे ८४ वाचून गाफील राहू नका. ते माझ्या फोनच्या इवल्याशा अँटेनाचं मोजमाप आहे. समोरच्याकडे दिशा धरणारी मोठी अँटेना असेल तर गोष्ट वेगळी. २००७ मध्ये व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली आणि त्याच्या साथीदारांनी दोन डोंगरांमध्ये वाय-फाय जोडलं होतं, ३८२ किलोमीटर! सुधारलेली साधनं, उंच डोंगर, मध्ये काही आडवं नाही. पण यावरून कळतं की "माझ्या राउटरची रेंज इतके मीटर" हे वाक्य अर्धंच आहे. रेंज बोलणाऱ्याची जेवढी तेवढीच ऐकणाऱ्याची. भिंतीमागे सिग्नल लपवून सुरक्षा येत नाही. ती पासवर्डनेच येते.

आता राहिला वॉचमन काकांचा मुलगा. बाकड्यावर त्याला काही मिळेना. रविवारी संध्याकाळी मी त्याला पाहुण्यांच्या नेटवर्कचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला आणि फोन घेऊन दोघं जिन्यात जागा शोधत फिरलो. पहिल्या मजल्याच्या वळणावर उणे ७१. लाइट आहे, पंखा नाही. "तिथे वारा होता ताई," म्हणाला बाकड्याबद्दल, पण तक्रारीच्या सुरात नाही.

काल बाबा सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तो राउटर जरा इकडे सरकवला तर नाही का चालणार? आईलाही मिळेल आणि टपरीपर्यंतही जाईल." मी म्हटलं, "बाबा, गाडीवरचं कार्ड काढलंत का?" ते म्हणाले, "गाडीचा आणि त्याचा काय संबंध आता? पासवर्ड तर बदललास." मुद्दा बरोबर होता.

शनिवारी जुना राउटर गॅलरीत लावून पाहणार आहे, फक्त पाहुण्यांच्या नेटवर्कसाठी, सकाळी सहा ते रात्री अकरा. बाकड्यावर किती येतंय ते पुढच्या भागात सांगते. तुम्ही मोजलंत तर तुमचा आकडा पाठवा, घरातला सगळ्यात वाईट कोपरा आणि घराबाहेरचं सगळ्यात लांबचं ठिकाण. पासवर्ड पाठवू नका. मागच्या वेळी एकाने पाठवला होता.